शनिवारची टेप

हुबळीत गोकुळ रोडवरच्या एका पंपांच्या कारखान्यात मला टायपिस्ट म्हणून घेतलं आणि चौथ्या महिन्यात कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली हातात ठेवली. यात माझी हुशारी कणभर नव्हती. धुळीनं मला शिंका येतात, आणि साहेब पत्राचा मजकूर सांगायला लागले की माझ्या आठ-दहा शिंका त्यात मिसळायच्या. अख्ख्या कारखान्यात धूळ नसलेली ती एकच खोली. एसी, काचेचं दार, खाली निळं जाजम, आणि दारावर कानडीत पाटी की चपला बाहेर काढा. एक दिवस साहेबांनी हात जोडले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही आत बसा."

नव्वदीतली मधली वर्षं ती. खोलीत तीन कॉम्प्युटर होते. सगळ्यांची कामं साठवलेली असायची ती सगळ्यात मोठ्या मशीनमध्ये. त्याच्या तोंडावर फ्लॉपीच्या फटीखाली आणखी एक फट होती, तो टेप ड्राइव्ह. दिवसभरात जे काम झालं त्याची नक्कल संध्याकाळी टेपवर उतरवायची, म्हणजे उद्या मशीन बिघडलं तरी काम बुडत नाही, एवढाच त्याचा उद्योग. टेप म्हणजे पत्त्यांच्या कॅटापेक्षा थोडी मोठी डबी. खाली ॲल्युमिनियमची पट्टी, एका कडेला एवढंसं झाकण, आणि झाकण उचललं की आत चकचकीत तपकिरी फीत. डबी फटीत ढकलली की ड्राइव्ह आधी थोडा खाकरायचा आणि मग कुर्र कुर्र करत कामाला लागायचा. मला तो आवाज फार आवडायचा.

बंगळूरहून जो इंजिनिअर तो बसवायला आला होता, त्यानं जाताना चार नियम सांगितले. टेपांना वारांची नावं द्यायची, सोमवारची सोमवारी, मंगळवारची मंगळवारी. ड्राइव्हचं हेड, म्हणजे फितीला टेकणारा तो चिमुकला भाग, आठवड्यातून एकदा कापसाच्या काडीला स्पिरिट लावून पुसायचं. शनिवारच्या दोन टेपा. त्यातली एक आलटून पालटून दुसऱ्या गावी ठेवायची, कारण कारखान्याला आग लागली तर सगळ्याच टेपा एकदम जायला नकोत. "अशुभ बोलू नका हो," साहेब मध्येच म्हणाले. आणि चौथा नियम: लिहून झालं की मशीनला ते परत वाचून बघायला लावायचं. पडद्यावर 'व्हेरिफाय' असं लिहिलेला एक बारका चौकोन असायचा. त्यात बरोबरची खूण केली की आपण काय लिहिलं ते मशीन आपणच तपासायचं.

"लिहिण्यापेक्षा हे महत्त्वाचं आहे," तो म्हणाला. मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातंय!

तपासायला मशीनला आणखी पाऊण तास लागायचा, आणि माझी धारवाडची बस होती पावणेसहाची. ती चुकली की पुढच्या बसला ही गर्दी, धारवाड येईपर्यंत कुणाच्या तरी भाजीच्या पिशवीवर पाय पडतोय आणि बोलणी खातोय. मी शिस्तीची बाई आहे, कुणालाही विचारा. पण बसच्या खिडकीपुढं माझी शिस्त टिकत नाही. पंधरा दिवसांत मी त्या चौकोनातली खूण काढून टाकली. कुणाला कळलं नाही. मशीनला तर मुळीच काही वाटलं नाही.

शनिवारची टेप मी धारवाडला, सप्तापुरात आमच्या घरी आणायची. पहिल्या दिवशी सासूबाईंनी ती हातात घेऊन उलटीपालटी केली. त्यांना घरात सगळे अक्का म्हणत, मीही अक्काच म्हणायची.

"काय आहे गं यात?"

"अख्खा कारखाना, अक्का."

"एवढा कारखाना अन् असा ओट्यावर ठेवतीस? बरी आहेस की!"

झालं. टेपेची रवानगी अक्कांच्या कपाटात झाली. ते कपाट उघडण्याची परवानगी त्यांच्या मुलालासुद्धा नव्हती. किल्ली कायम त्यांच्या कनवटीला. मऊ जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून, रेशमी लुगड्यांच्या मधोमध, शेजारी वेखंडाची पुरचुंडी, अशी ती टेप आठवडाभर झोपायची. पुढच्या शनिवारी मी नवी द्यायची, मग त्या जुनी काढून द्यायच्या. वेखंडाच्या वासाची टेप सोमवारी कारखान्यात नेली की साहेब नाक वर करून विचारायचे, "कुणाच्या बाळाला न्हाऊ घातलंय काय?"

अण्णा आमच्या खोलीत आले ते वर्षभरानंतर. अण्णा म्हणजे आमचे ड्राफ्ट्समन, पंपांची ड्रॉइंगं काढणारे. अख्खा कारखाना त्यांना अण्णाच म्हणायचा. राहायला अळणावरला, सकाळच्या पॅसेंजरनं यायचे, संध्याकाळच्या गाडीनं परत. सारा जन्म त्यांनी उतरत्या टेबलावर कागद ताणून पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या. आता त्यांना काचबिंदू झाला होता. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंब घालून सांभाळायची, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि कागदावरची बारीक रेघ दिसेनाशी झाली होती. हे त्यांनी कारखान्यात कुणालाच सांगितलं नव्हतं. एकदा ते काहीतरी विचारायला आत आले. मी एक जुनं ड्रॉइंग पडद्यावर मोठं करून बघत होते. ते माझ्या मागं येऊन उभे राहिले.

"ही रेघ याहून जाड दिसंल?"

"पाहिजे तेवढी. बोटाएवढी करा की."

अण्णांनी खुर्ची ओढली आणि बसले ते बसलेच. "कागद काही मोठा होत नव्हता बघ," एवढंच म्हणाले. मग मला कळलं.

दोन महिन्यांत ते माउस चालवायला शिकले. शिकवताना मी त्यांच्यावर किती खेकसले असेन त्याला हिशेब नाही, आणि त्यांनी दर वेळी "इरलि बिडु, तंगी" म्हणून सोडून दिलं. इरलि बिडु म्हणजे असू दे, आणि तंगी म्हणजे धाकटी बहीण. मला भाऊ नव्हता, त्यामुळं मला ते ऐकायला बरं वाटायचं, पण म्हणून खेकसणं काही कमी झालं नाही.

अण्णांना एक पंप काढायचा होता. कंपनीचा नव्हे, स्वतःच्या डोक्यातला. त्यांच्या गावाकडं पंपात कचरा अडकला की फिटर यायला दोन-दोन दिवस लागायचे, तोवर पीक माना टाकायचं. एका माणसाला, एकाच पान्यानं उघडता येईल आणि साफ करून परत बंद करता येईल असा पंप त्यांना करायचा होता. "बाईमाणसालासुद्धा," ते माझ्याकडं बघून म्हणायचे. साहेबांनी शब्द दिला होता की ड्रॉइंग पुरं झालं तर एक नग ओतून बघू. एकोणीस पानं होणार होती. अण्णा पडद्याला नाक लावून, एकेक रेघ बोटाएवढी करून काढत होते. नजर संपायच्या आत पुरं करायचं, ही त्यांची घाई होती, आणि ती आम्हाला दोघांनाच ठाऊक होती.

मी म्हटलं, थोडं थोडं छापून ठेवू या का? तर नाही. "अर्धं ड्रॉइंग छापलं की कुणीतरी उचलून वर्कशॉपात नेतो, अन् तसाच अर्धा पंप होऊन बाहेर येतो. बघितलंय मी." बरं, मग फ्लॉपीवर घेऊ या का, असं अण्णांनी विचारलं. यावर मीच मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "टेप असताना फ्लॉपी कशाला हो अण्णा? मी आहे की."

घरी दर शनिवारी अक्का टेप घेता घेता विचारायच्या, "अण्णांची किती पानं झाली?" त्यांनी अण्णांना कधी बघितलं नव्हतं. नऊ, म्हणायची मी. मग बारा. मग सतरा. सतरा झाली तेव्हा गुढीपाडवा आला होता आणि अक्का बेळगावला माझ्या नणंदेच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या. "मी येईपर्यंत एकोणीस होतात बघ," म्हणाल्या, टेप कपाटात ठेवली, किल्ली कनवटीला लावली आणि बसमध्ये बसल्या. किल्ली बेळगावला गेली हे माझ्या लक्षात आलं पुढच्या शनिवारी. मग काय, तेव्हापासून शनिवारची उरलेली टेप माझ्या ऑफिसच्या खणातच राहिली, दर शनिवारी तीच घालायची.

पाडव्याच्या दिवशी मी आणखी एक शहाणपणा केला. सगळ्या खात्यांत यंत्रांची पूजा झाली. आमच्या खोलीत कुंकू नको, पूड उडते, एवढी अक्कल मला होती. म्हणून मी फक्त चंदनाच्या दोन उदबत्त्या लावल्या आणि त्यांचं घर मोठ्या मशीनसमोर ठेवलं. आणि काय सांगू, त्या धुराची सरळ रेघ टेप ड्राइव्हच्या फटीकडं वळली आणि आत शिरली! मशीनच्या मागं पंखा होता, तो पुढच्या फटींतून हवा ओढायचा, हे आत्ता कळतं. तेव्हा मी साहेबांना हाक मारून बोलावलं. "बघा, बघा, देव धूप घेतोय!" साहेबांनी चपला काढल्या, आत आले, बघितलं आणि मनापासून हात जोडले. त्या दिवसापासून रोज सकाळी दोन उदबत्त्या ठरूनच गेल्या.

त्याच सुमाराला हेड पुसायची स्पिरिटची बाटली वर्कशॉपात कुणाचं तरी बोट कापलं म्हणून गेली ती परत आली नाही. उद्या आणू, परवा आणू. रोज ओवाळतोय की, आणखी काय पाहिजे, असं मला खरोखरच वाटत होतं. सात आठवडे असे गेले.

वैशाखात एका सकाळी वीज गेली, आली, लगेच परत गेली. मग आली तेव्हा मोठं मशीन नुसतं टक् टक् करत राहिलं. त्याच्या आतली डिस्क गेली होती. अण्णांची एकोणीस पानं आदल्या दिवशी पुरी झाली होती आणि सोमवारी छापायची ठरली होती. ते दारात उभे होते. मी त्यांना म्हटलं, "काही काळजी करू नका. टेपा आहेत." त्यांनी मान हलवली आणि चहाला गेले, एवढा त्यांचा माझ्यावर विश्वास.

दुसऱ्या दिवशी बंगळूरचा इंजिनिअर नवी डिस्क घेऊन आला. घरची टेप आणू का असं सकाळी क्षणभर मनात आलं होतं; अक्का त्याच आठवड्यात परत आल्या होत्या, किल्ली होती. पण ऑफिसात ढीगभर टेपा असताना घरची कशाला, म्हणून तशीच निघाले. इंजिनिअरनं कालच्या आदल्या दिवसाची टेप घातली. ड्राइव्ह कुरकुरला, थांबला, आणि पडद्यावर चूक आली. सोमवारची घातली, चूक. शनिवारची, चूक.

"व्हेरिफाय करत होता ना?" त्यानं विचारलं.

मी टेपांच्या डब्या वारांप्रमाणे लावायला घेतल्या. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि आपल्या पेटीतून कापसाची काडी काढून स्पिरिटमध्ये बुडवून फटीत घातली. बाहेर आली ती काळीकुट्ट, चिकट. परत दुसरी घातली, तीही तशीच. त्याला कळेना की हे डांबर आलं कुठून. स्टुलावर बसलेल्या अण्णांनी नाक वर केलं. ज्यांना समोरचं धड दिसत नव्हतं त्यांनाच आधी कळलं.

"उदबत्ती," ते म्हणाले. "चंदनाची."

साहेब भिंतीकडं बघायला लागले. मी सगळं सांगून टाकलं: उदबत्ती, बाटली, चौकोनातली खूण, पावणेसहाची बस. सांगताना रडले की काय ते आठवत नाही, पण लाजेनं कान गरम झालेले आठवतात. हेड पुसून परत सगळ्या टेपा घालून बघितल्या. दोन-चार पत्रं आली, कुणाची तरी रजेची यादी आली. अण्णांचं एक पान नाही. सात आठवडे आम्ही फितीवर काहीच धड लिहिलं नव्हतं.

अण्णा रागावतील, ओरडतील, तर बरं असं मला झालं होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "तंगी, मला हे परत काढता येणार नाही. तेवढे डोळे आता नाहीत माझ्याकडं." आणि बाहेर गेले. काचेतून मला दिसत होतं, ते पायानं चाचपत चपला शोधत होते आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी चपलेत पाय घालत होते. मी धावत जाऊन त्यांच्या चपला पुढं केल्या. त्या घालून ते बाकावर बसले.

तिथंच मला कपाटातली टेप आठवली. पाडव्याच्या आधीची! उदबत्तीच्या आधीची! मी आत येऊन ओरडलेच. इंजिनिअर म्हणाला, "आणा लवकर. फक्त जपून. लोहचुंबकाजवळ नको आणि ऊन लागू देऊ नका." ऊन हा शब्द ऐकला आणि मला सकाळचं आठवलं. सकाळी मी डबा भरत असताना अक्का म्हणाल्या होत्या, "आज कपाट रिकामं करते गं. पावसाच्या आधी सगळ्याला एकदा ऊन दाखवलं पाहिजे."

साहेबांनी गाडी दिली. हुबळी ते धारवाड मी आयुष्यात एवढी कधी देवाचं नाव घेत गेले नसेन, आणि तेही जरा चाचरतच, कारण देवाला धूर देऊनच हे सगळं झालं होतं. दुपारचे बारा वाजत आले होते. मी चपला न काढता जिन्यावरून गच्चीवर गेले. ऊन नुसतं रणरणत होतं. ब्याडगी मिरच्या पसरल्या होत्या, तुरीची डाळ होती, सांडगे होते, गाद्या उभ्या केल्या होत्या. टेप कुठं दिसेना. मी वेड्यासारखी डाळीत हात घालून बघितलं.

"अगं, डाळ कशाला चिवडतीस?" अक्का जिन्यात उभ्या होत्या.

"टेप कुठं आहे? उन्हात घातली का तुम्ही? सांगा की!" मी असं कधी त्यांच्यावर ओरडले नव्हते.

"मला काय खुळी समजलीस?" अक्काही तडकल्या. "झाकण उचलून बघितलं मी. आत रेशमासारखी फीत आहे. रेशमाला कुणी असलं ऊन दाखवतं का? डाळीचं ऊन वेगळं, रेशमाचं वेगळं!"

टेप खाली मधल्या खोलीत होती. बाजेवर लुगडी पसरली होती, खिडकी अर्धी लावलेली, आणि धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली टेप त्यांच्या मधोमध सावलीत. हात लावून बघितला, गार होती. मी अक्कांना मिठी मारली. आमच्याकडं सासूला मिठी मारायची पद्धत नाही, त्यामुळं त्या एकदम लाकडासारख्या उभ्या राहिल्या, मग पाठीवरून हात फिरवला. काय झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "थांब, लुगडं बदलून येते. एवढे दिवस मी सांभाळली, आता तुझ्या एकटीच्या हातात द्यायची नाही."

गाडीत टेप त्यांच्याच मांडीवर. कारखान्यात आल्यावर इंजिनिअर म्हणाला की टेपला खोलीची हवा लागायला तासभर तशीच ठेवू या. तो तासभर अक्का एसीत पदर अंगभर लपेटून अण्णांच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. अण्णांनी विचारलं, कोण?

"तुमची पानं माझ्या लुगड्यांत झोपत होती, ती मी," अक्का म्हणाल्या.

अण्णा दोन दिवसांत पहिल्यांदा हसले. मग दोघं कानडीत बोलत बसले, डोळ्यांत घालायच्या थेंबांबद्दल, अळणावरच्या पावसाबद्दल. माझं लक्ष घड्याळावर. शेवटी इंजिनिअरनं टेप घातली, पण लगेच वाचायला लावली नाही. आधी ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरसर गुंडाळली आणि परत उलटी गुंडाळली. अक्कांनी विचारलं, हे काय? तो म्हणाला, फार दिवस एकाच ताणात राहिलेली फीत अशी एकदा मोकळी करून घ्यावी लागते.

"म्हणजे घडी मोडतोय," अक्का मला म्हणाल्या. "वर्षात एकदा मोडलीच पाहिजे. नाहीतर घडीवरच चिरतं." इंजिनिअरला मराठी येत नव्हतं, ते बरं झालं, नाहीतर त्यानं त्यांनाच कामावर घ्या म्हणून सांगितलं असतं.

कुर्र कुर्र सुरू झालं. पडद्यावर एकेक नाव यायला लागलं आणि मी मोठ्यानं वाचायला लागले. पान एक. पान दोन. अण्णा बोटांवर मोजत होते. सतरापर्यंत सगळी आली, एकही न तुटता. साहेबांनी टाळीच वाजवली. मग मशीन थांबलं. अठरा आणि एकोणीस पाडव्यानंतरची होती, ती कुठंच नव्हती.

त्या दोन पानांत काय होतं? झाकण आणि पाना. म्हणजे एका माणसाला पंप उघडता यावा याची सगळी करामत त्यात होती. बाकीची सतरा पानं म्हणजे चारचौघांसारखाच पंप. अण्णांनीच मग स्टूल पुढं ओढलं.

"माझ्या डोक्यात आहे. डोळ्यांत नाही. तू काढ."

"मी? अण्णा, माझी रांगोळीची रेघसुद्धा सरळ येत नाही!"

"मशीनची येते की. तू नुसतं मी सांगतो ते कर."

मग रोज चारनंतर आम्ही बसायचो. ते डोळे मिटून मापं सांगायचे आणि मी काढायची. दर रेघेनंतर म्हणायचे, "परत वाच." मी वाचायची. एकदा कंटाळून म्हटलं, आत्ताच तर सांगितलंत, बरोबरच काढलंय. त्यावर त्यांनी पुढचं माप सांगायचं थांबवलं. मी मुकाट्यानं परत वाचलं. पावणेसहाची बस मला कधी मिळाली नाही. महिनाभरात झाकण झालं, पाना झाला.

ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली दोन चौकोन असतात. एकात काढणाऱ्याचं नाव, दुसऱ्यात तपासणाऱ्याची सही. पानं छापून आली तेव्हा मी अण्णांच्या हातात पेन दिलं. त्यांनी पहिल्या चौकोनावर बोट ठेवायला सांगितलं आणि अंदाजानं आपलं नाव घातलं. दुसऱ्याला हात लावेनात.

"न बघता मी तपासल्याची सही केली नाही कधी. ती तू करायची."

"अण्णा, मी? अहो, मीच तर..." न तपासताच सगळं घालवणारी बाई मी.

"म्हणूनच," ते म्हणाले. "आता तू सोडणार नाहीस."

मला एकोणीस पानांना अकरा दिवस लागले. एकेक माप मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्या पानावरच्या मापाशी जुळतंय का बघायचं. पाचव्या पानावर एक भोक दुसऱ्या पानाशी जुळेना. मी तीनदा बघितलं. माझी चूक असणार म्हणून चौथ्यांदा बघितलं. मग भीत भीत सांगितलं. अण्णांनी डोळे मिटून मनातल्या मनात हिशोब केला.

"हौदु, खरंय," ते म्हणाले. "चुकलं माझं." आणि त्यांचा चेहरा एवढा खुलला की मला काही कळेना. "कित्येक वर्षांत माझी चूक कुणी काढली नव्हती बघ. मला वाटायचं, मी गेल्यावर ही पानं बघणार कोण? आता घरी बसलो तरी चालंल."

मी चूक दुरुस्त केली, सही केली. मग शनिवारची टेप घातली, आणि त्या बारक्या चौकोनात बरोबरची खूण केली. लिहून झालं, आणि मशीन परत पहिल्यापासून वाचायला लागलं. सहा वाजून गेले होते. मी म्हटलं, अण्णा, तुमची अळणावरची गाडी जाईल, तुम्ही निघा.

"वाचतंय काय ते?" त्यांनी विचारलं.

"वाचतंय."

"मग बस की, तंगी. पुरं वाचू दे त्याला." आणि त्यांनी स्टूल मशीनजवळ ओढून कान तिकडं लावला.